पुणे ते गुवाहाटी: सहा पेट्या ट्रकने पाठवायच्या आहेत

गिरणीवाली

नमस्कार. भोसरीत आमचा मसाला दळायच्या पल्व्हरायझरचा छोटा कारखाना आहे. आजवर माल महाराष्ट्रात आणि फार तर इंदूर-हैदराबादपर्यंत गेला. आता गुवाहाटीच्या एका विक्रेत्याने सहा यंत्रं मागवली आहेत. पेटीसकट एकेकाचं वजन साधारण १८० किलो, लाकडी पेटी ४८ × ३६ × ५४ इंच. कर धरून बिल नऊ लाखांच्या आसपास होईल. अंतर सुमारे २,७५० किलोमीटर.

तीन ठिकाणी भाडं विचारलं आणि तिन्ही आकडे एकमेकांच्या जवळपासही नाहीत. एक जण किलोवर सांगतो, दुसरा पेटीवर, तिसरा म्हणतो अख्खी गाडीच घ्या. सगळ्यात कमी सांगणाऱ्याला बिल्टीचं, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या पावतीचं, विचारलं तर ‘ते नंतर बघू, माल तर द्या’ असं उत्तर आलं. तिथेच मन खट्टू झालं.

पार्ट लोड (इतरांच्या मालासोबत गाडीतली थोडी जागा) घ्यावा की पूर्ण गाडी? विमा ट्रान्सपोर्टवालाच काढतो का? ई-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, त्याची मुदत वाटेत संपली तर काय होतं? त्यात पावसाळा तोंडावर आहे. ज्यांनी इतक्या लांब माल पाठवलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चाकणकर

सहा पेट्यांसाठी पूर्ण गाडी कशाला? पार्ट लोडच करा. हजार-अकराशे किलोचा माल आहे, किलोचा भाव ठरवा आणि मोकळ्या व्हा.

जुना_बुकिंगवाला

चाकणकर, इथेच नवीन माणूस फसतो. माल अकराशे किलोचा आहे, पण पार्ट लोडवाला भाडं अकराशे किलोचं लावणार नाही. ट्रकमधली जागा वजनाआधी भरते, म्हणून तो घनफुटावर वजन काढतो. हिशोब असा: लांबी, रुंदी, उंची इंचात घ्यायची, गुणायची आणि १,७२८ ने भागायचं. आले ते घनफूट. मग एका घनफुटाला किती किलो धरायचे ते ज्याचं त्याचं ठरलेलं असतं. कोणी ६ धरतो, कोणी ८, कोणी १०.

ताई, तुमची पेटी ५४ घनफुटांची आहे. ८ ने गुणलं तर ४३२ किलो. म्हणजे १८० किलोच्या पेटीचं भाडं ४३२ किलोंवर. सहा पेट्यांचे २,५९२ किलो झाले. १० धरणाऱ्याकडे हेच ३,२४० होतात आणि ६ धरणाऱ्याकडे १,९४४. तुम्हाला तीन वेगळे आकडे मिळाले त्यामागे बहुतेक हेच आहे. किलोचा भाव कमी सांगणारा १० धरत असेल तर शेवटी तोच महाग पडतो. म्हणून ‘किलोला किती’ विचारायच्या आधी ‘घनफुटाला किती किलो धरता’ हे विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

शिवाय बिलात आणखी काय काय चढणार तेही आधीच विचारून ठेवा: बिल्टीचा खर्च, डिझेलचा अधिभार, दोन्हीकडची हमाली, घरपोच डिलिव्हरीचे वेगळे पैसे, ईशान्येचा वेगळा आकार. आपल्याकडे वाराईचा (माल चढवण्या-उतरवण्याच्या मजुरीचा) दर माथाडी मंडळाच्या टोळीप्रमाणे असतो, तोही कोण देणार ते ठरवून घ्या. मी बुकिंगच्या खिडकीत बसून जी भांडणं पाहिली त्यात मूळ भाड्यावरून झालेली थोडी, या वरच्या ओळींवरून झालेली फार.

एक विचारतो. यंत्राचा वरचा हॉपर (मसाला ओतायचं नरसाळं) सुटा होतो का?

गिरणीवाली

होतो! हॉपर आणि स्टँड नटबोल्टचे आहेत. हॉपर उलटा करून आत बसवला तर पेटीची उंची ३६ इंचांवर येईल. विक्रेत्याकडे जोडणी करायला माणूस आहे.

जुना_बुकिंगवाला

मग तेच करा. ४८ × ३६ × ३६ म्हणजे ३६ घनफूट. ८ प्रमाणे २८८ किलो. एका सुताराच्या कामात भाड्याचा तिसरा हिस्सा वाचला. शिवाय ५४ इंच उंचीची पेटी डोक्याकडे जड असते, हमाल ती तिरकी करतात आणि ती कलंडते. बुटकी पेटी उभीच राहते. पेटीखाली दोन आडव्या पट्ट्या ठोका म्हणजे फोर्कलिफ्टचे दात आत जातील. दात शिरायला जागा नसेल तर माणसं पहार घालून पेटी उचलतात, आणि पहारीने तळाच्या फळ्या फुटतात.

हायवेपुत्र

माझे वडील ट्रकवर होते, आता घरच्या दोन गाड्या आहेत. गुवाहाटीची वाट माहितीची आहे म्हणून लिहितो.

आमची गाडी नागपूर-रायपूर-संबलपूर करत खरगपूरकडे जाते, तिथून वर फराक्का, मालदा, सिलिगुडी. काही जण उत्तर प्रदेश-बिहारमधून राष्ट्रीय महामार्ग २७ ने येतात. कसेही या, सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातूनच पुढे जावं लागतं. उरलेल्या भारतातून ईशान्येला रस्त्याने जायला तेवढी एकच वाट आहे, सगळ्यात अरुंद जागी जेमतेम वीस-बावीस किलोमीटर रुंद. तिथे कुठे रस्ता खचला, बंद पुकारला गेला, की मागे रांगच रांग. पुढे श्रीरामपूरला आसामची हद्द लागते. २०१७ ला जीएसटी आल्यावर नाक्यावरची जुनी थांबाथांब गेली, पण कागद तपासायला गाडी कुठेही थांबवू शकतात.

ताई, पूर्ण गाडी घ्यायची तर १४ फुटी लागेल आणि लहान गाडीवाले एवढ्या लांब जायला सहसा तयार नसतात. कारण परतीचा माल. गुवाहाटीहून पुण्याला चहा, प्लायवूड मिळतं, पण मिळेपर्यंत गाडी उभी राहते. उभ्या गाडीचाही हप्ता चालू असतो. म्हणून जायच्या भाड्यात परतीची भीती मिसळलेली असते. हे लुटणं नव्हे, हा त्याचा खर्चच आहे.

अजून एक कळकळीने सांगतो. माल पोचल्यावर गाडी दारात उभी ठेवू नका. गोदामाची किल्ली नाही, मालक बाहेरगावी गेलाय, हमाल उद्या येतील, असं करत दोन-दोन दिवस जातात. ड्रायव्हर केबिनमध्ये झोपतो, आंघोळीला पाणी शोधतो. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तास काम लिहिलं होतं. ताटकळण्याचे तास कुणी मोजत नाही. बुकिंग करतानाच लिहून घ्या की किती तासांनंतर हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचे पैसे) लागेल आणि ते कोण देईल. मग दोन्हीकडचे लोक वेळेवर येतात.

चाकणकर

हायवेपुत्र, पटलं. आमच्या फाटकासमोर रोज गाड्या उभ्या असतात, मी कधी या बाजूने पाहिलंच नव्हतं.

सर्व्हेअर_काका

विम्याबद्दल मी लिहितो, नुकसान तपासण्याचंच माझं काम.

ट्रान्सपोर्टवाला विमा देत नाही. त्याच्या गाडीचा विमा गाडीचा असतो, तुमच्या मालाचा नाही. बिल्टीवर बारीक अक्षरात ‘मालकाच्या जोखमीवर’ छापलेलं असतं. ते छापलं म्हणून त्याची निष्काळजीपणाची जबाबदारी कायद्याने संपत नाही, पण जबाबदारी किती रुपयांपर्यंत हे पाहा. रस्ते वाहतुकीचा कायदा २००७ चा, लागू झाला २०११ मध्ये. त्याच्या नियमांप्रमाणे वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंत मर्यादित असते. त्यापेक्षा जास्त हवी तर मालाची किंमत आधी जाहीर करून जादा जोखमीचा दर भरावा लागतो.

समजा तुमचं भाडं २५,००० झालं. दहा पट म्हणजे अडीच लाख. माल नऊ लाखांचा. उरलेले साडेसहा लाख कुठून येणार? याच कारणाने मी म्हणतो की इतक्या लांबच्या मालाला स्वतःचा मार्गस्थ विमा हवाच. एका फेरीपुरती पॉलिसी निघते. त्यात ‘इनलँड ट्रान्झिट क्लॉज ए’ मागा, त्यात वगळलेल्या गोष्टी सोडून सगळी संकटं येतात. ‘बी’मध्ये नाव घेतलेलीच संकटं येतात आणि ‘सी’ म्हणजे आग आणि वीज, बस. हप्ता कमी म्हणून लोक ‘सी’ घेतात आणि पाण्याने भिजलेला माल घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटतं.

‘ए’ घेतला तरी अपुरं पॅकिंग, उशीर आणि मालाचा मूळचाच दोष त्यातून वगळलेला असतो. गंजाबद्दल पॉलिसीत काय लिहिलंय ते वाचून घ्या, तुमचा माल लोखंडी आहे. मोटर आणि बेअरिंगला गंजरोधक कागद, त्यावर जाड प्लास्टिक, आत ओल शोषणाऱ्या पुड्या. पेटी बंद करण्याआधी प्रत्येक यंत्राचा क्रमांकासकट फोटो काढा.

गाडी लागली की एक तपासणी करा, फुकट आहे. कंटेनर असेल तर दिवसा आत उभं राहून दार लावून घ्या. छताला, कडेला जिथे उजेडाचा ठिपका दिसेल तिथूनच पाणी येणार. उघड्या गाडीला दुहेरी ताडपत्री आणि खाली लाकडी पट्ट्या.

आणि माल पोचल्यावर तो गोदामात पडून राहिला तर विमा कायम चालू राहत नाही. गाडी मुक्कामी पोचल्यापासून सात दिवसांनी तो संपतो. विक्रेत्याला हे सांगून ठेवा.

जमाखर्च

कागदांचं माझ्याकडे. थोडक्यात पण नीट वाचा.

किंमत ५०,००० च्या वर आहे, ई-वे बिल लागेलच. त्याची मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस, २०२१ च्या जानेवारीपासून असं आहे. २,७५० किलोमीटरला १४ दिवस मिळतील. पूर्ण गाडीला हे भरपूर. पार्ट लोडला मात्र काठावर, कारण माल मध्ये एक-दोन गोदामांत उतरून दुसऱ्या गाडीत चढतो आणि प्रत्येक ठिकाणी गाडी भरेपर्यंत थांबतो. घड्याळ चालू होतं ते भाग ‘ब’मध्ये पहिला गाडी क्रमांक भरल्यावर. कारखान्यातून ट्रान्सपोर्टच्या गोदामापर्यंत ५० किलोमीटरच्या आतच नेत असाल तर तेवढ्या टेम्पोचा क्रमांक भरावा लागत नाही. म्हणून तुम्ही भाग ‘अ’ भरा, ट्रान्सपोर्टरचा आयडी घाला आणि भाग ‘ब’ त्यालाच भरू द्या. असे दोन-तीन दिवस वाचतात.

मुदत संपत आली तर त्या वेळी माल ज्याच्या ताब्यात आहे तो ट्रान्सपोर्टर ती वाढवू शकतो, संपण्याआधी ८ तास ते संपल्यानंतर ८ तास एवढ्याच वेळात. ती तारीख तुम्हीही फोनच्या कॅलेंडरमध्ये घाला, त्याच्यावर सोडू नका. माल कायद्याने अडवला तर मालक पुढे आला तरी कराच्या २०० टक्के दंड आहे. नावातलं एखादं अक्षर किंवा गाडी क्रमांकातला एखादा आकडा चुकला असेल तर २०१८ च्या परिपत्रकानुसार तो किरकोळ दोष धरून एकूण १,००० रुपये घेतात. एवढ्या फरकासाठी तरी बिल, बिल्टी आणि ई-वे बिल तिन्ही शेजारी ठेवून ताडून बघा.

भाड्यावरचा जीएसटी: ट्रान्सपोर्टरने बिल्टी दिली आणि कर स्वतः लावला नाही, तर जो भाडं भरतो त्याने ५ टक्के उलट पद्धतीने, म्हणजे स्वतःच सरकारला, भरायचा; त्याचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तेवढी रक्कम आपल्या जीएसटीतून वजा होते. भाडं ‘टू-पे’ (माल घेणाऱ्याने पोचल्यावर द्यायचं) असेल तर ती जबाबदारी गुवाहाटीच्या विक्रेत्याची. आणि एका दिवसात एका वाहतूकदाराला ३५,००० च्या वर रोख देऊ नका, आयकरात तो खर्च धरत नाहीत.

गिरणीवाली

जमाखर्च, मग तो ‘बिल्टी नंतर’ म्हणणारा स्वस्त का देत होता? त्याचं म्हणणं बिल्टी नसली की जीएसटीही नाही.

जमाखर्च

अर्धं खरं आहे. एकट्या गाडीमालकाने बिल्टी न देता माल नेला तर त्या भाड्यावर जीएसटी लागत नाही. पण जो ५ टक्के तुम्हाला क्रेडिटने परत मिळणारच आहे, तो वाचवून काय मिळवलं? आणि घालवलं काय ते बुकिंगवाले काका सांगतील.

जुना_बुकिंगवाला

सांगतो. बिल्टी म्हणजे तुमचा माल, एवढे नग, या स्थितीत, मी ताब्यात घेतला असं वाहतूकदाराने सही करून दिलेलं. तीच नसेल तर २,७५० किलोमीटरवर काही झाल्यावर तुम्ही माल कोणाला दिला होता हे सिद्ध कशाने करणार? विमावालाही पहिल्यांदा बिल्टी मागतो. माल गाडीत चढल्याबरोबर बिल्टी हातात. ‘नंतर’ नाही.

बिल्टीत बघायचं ते हे: नगांची संख्या अक्षरी आणि अंकी. मालाचं वर्णन ‘मशिनरी’ एवढंच नको, ‘पल्व्हरायझर, लाकडी पेटीत’ असं पूर्ण. बिलाचा क्रमांक आणि किंमत. घरपोच की गोदामातून उचलायचं. भाडं दिलं की देणं आहे. प्रत्यक्ष वजन आणि आकारलेलं वजन, दोन्ही. पेटीच्या चारही बाजूंना जाड अक्षरात नाव-पत्ता आणि ‘६ पैकी १’, ‘६ पैकी २’ असं लिहा. एकाच बाजूला लिहिलं तर रचताना नेमकी तीच बाजू भिंतीकडे जाते.

पूर्ण गाडी दलालामार्फत घेणार असाल तर गाडीचे कागद परिवहन खात्याच्या ॲपवर तपासा, नॅशनल परमिट आणि फिटनेस चालू आहे का पाहा, ड्रायव्हरच्या परवान्याचा फोटो घ्या, आणि आगाऊ रक्कम ट्रान्सपोर्टच्या नावाच्या बँक खात्यातच टाका. फोनवर कोणीतरी ‘मी गाडीमालक, या नंबरवर डिझेलचे टाका’ म्हणाला तर टाकू नका. ही फसवणूक हल्ली फार चालते.

लुईतकाठ

मी मूळची साताऱ्याची, नोकरीमुळे गुवाहाटीत असते. इथली बाजू सांगते.

ताई, विक्रेत्याचा पत्ता फॅन्सी बाजारचा आहे का? तो इथला जुना घाऊक बाजार, गल्ल्या अरुंद, मोठी गाडी आत जाऊच शकत नाही. माल शहराबाहेरच्या गोदामात उतरून छोट्या गाडीने आत येतो. ती छोटी गाडी घरपोच भाड्यात धरली आहे का ते आत्ताच विचारा, नाहीतर इथे विक्रेता आणि ट्रान्सपोर्ट एकमेकांकडे बोट दाखवतील. दिवसा जड वाहनांना शहरात बंदीच्या वेळा असतात, त्या त्या महिन्यात काय चालू आहे ते विक्रेत्याकडून कळेल.

जून ते सप्टेंबर ब्रह्मपुत्रेच्या पुराचे महिने. खालच्या आसामात रस्त्यावर पाणी येतं, गाड्या थांबतात. जूनच्या आधी माल पोचवता आला तर उत्तम. आणि एप्रिलच्या मध्यात रोंगाली बिहू, शरद ऋतूत दुर्गापूजा. त्या आठवड्यांत हमाल मिळत नाहीत, मिळू नयेतही, त्यांचा सण असतो. हिवाळ्यात पाठवाल तेव्हा लक्षात ठेवा, डिसेंबरात इथे साडेचारलाच सूर्य मावळतो. दुपारी पोचलेली गाडी अंधारात उतरवावी लागते, आणि तुटलेली फळी अंधारात दिसत नाही.

चाकणकर

रेल्वेचा विचार केला का? एवढ्या अंतराला रेल्वे स्वस्त पडावी.

हायवेपुत्र

पूर्ण कंटेनर भरत असेल तर नक्की. गुवाहाटीजवळ अमीनगावला कंटेनर डेपो आहे, नियमित मोठा माल जाणाऱ्यांनी तिकडेच बघावं. सहा पेट्यांना कंटेनर रिकामा जाईल. पार्सलने पाठवलं तर दोन्हीकडे स्टेशनपर्यंत वेगळी गाडी, वेगळी हमाली आणि फलाटावरची चढउतार. ट्रकवाल्याच्या पोटाचा आहे म्हणून म्हणत नाही, या मालाला ट्रकच बरा.

गिरणीवाली

सगळ्यांचे मनापासून आभार. असं ठरवलं आहे:

पेट्या ३६ इंचांच्या करायला दिल्या, खाली पट्ट्यांसकट. घनफुटाला ८ किलो धरणारा, थेट पुणे-सिलिगुडी गाडी भरणारा ट्रान्सपोर्टर निवडला. त्याचा किलोचा भाव सगळ्यात कमी नाही, पण माल मध्ये एकदाच उतरेल आणि बिल्टी जागेवर मिळेल. त्याने सगळे आकार लेखी दिले. एका फेरीचा ‘ए’ विमा घेतेय. विक्रेत्याचं दुकान खरंच फॅन्सी बाजारात आहे! माल तो शहराबाहेरच्या आपल्या गोदामात उतरवून घेईल, हॉल्टिंगची ओळही त्याने मान्य केली. पुढच्या आठवड्यात गाडी भरतेय, म्हणजे पुराच्या आधी पोचेल.

शेवटचं एक. माल उतरवताना एखादी पेटी ओली किंवा फुटलेली दिसली तर विक्रेत्याने सही करायची की माल परत पाठवायचा?

जुना_बुकिंगवाला

परत पाठवू नका, परतीच्या वाटेत अजून मोडेल. सही करायची, पण सहीच्या आधी पोचपावतीवर शेरा लिहायचा: ‘पेटी क्र. ४ डाव्या बाजूने फुटलेली, तळ ओला, आतला माल तपासून घेण्याच्या अटीवर स्वीकारली.’ तारीख, वेळ, गाडी क्रमांक आणि ड्रायव्हरची सही. ड्रायव्हरवर ओरडायचं नाही, शेरा त्याच्याविरुद्ध नाही हे त्याला सांगायचं. ‘माल सुस्थितीत मिळाला’ अशी कोरी सही दिली की पुढचा दावा फार अवघड होतो. पेटी गाडीत असतानाच फोटो घ्या आणि शेऱ्याच्या पोचपावतीची प्रत ठेवून घ्या.

सर्व्हेअर_काका

आणि त्याच दिवशी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर येईपर्यंत पेटी उघडू नका. वाहतूकदाराला लेखी नोटीसही तुम्हीच द्यायची. कायद्यात बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांची मुदत आहे, पण तेवढं थांबू नका, आठवड्याच्या आत रजिस्टर पोस्टाने जाऊ द्या. ती नोटीस गेली नाही तर वाहतूकदारावरचा हक्क बुडतो आणि मग विमा कंपनीही दावा अडवते.

लुईतकाठ

विक्रेत्याकडे मराठी शेरा चालणार नाही, इंग्रजीत किंवा हिंदीत लिहायला सांगा. मजकूर मला निरोपातून पाठवलात तर मी त्यांच्यासाठी असमियातही लिहून देते, म्हणजे गोदामातल्या माणसाला काय बघायचं ते कळेल.

गिरणीवाली

पाठवते, ताई. पेट्यांचे क्रमांक आज रंगवून होतील, त्यांसकट पाठवते.